सांगलीचा कृष्णाकाठ पायी दाखवा: एक खुले पत्र

प्रति,
सांगलीच्या नदीकाठाविषयी निर्णय घेणारे सर्व अधिकारी, लोकप्रतिनिधी आणि या शहरात सहली आणणारे आयोजक यांस,

सप्रेम नमस्कार.

मी सांगलीच्या गावभागात, म्हणजे जुन्या वस्तीत, राहते. लग्न होऊन या घरात आले त्याला चौतीस वर्षे झाली आणि त्यांतली सव्वीस वर्षे मी याच शहरातल्या शाळेत इतिहास शिकवला. या काळात परगावच्या माणसांनी मला सर्वांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न म्हणजे, ‘सांगलीत बघण्यासारखं काय आहे?’ आपण सांगलीकर त्याला जे उत्तर देतो तेही ठरलेलेच असते: गणपतीचे दर्शन घ्या, भडंग घ्या आणि पुढे वाडीला जा. नरसोबाच्या वाडीला निघालेल्या, औदुंबरहून येणाऱ्या, कोल्हापूरच्या अंबाबाईला जाणाऱ्या गाड्या आपल्या शहरातून रोज जातात. त्यांतल्या बऱ्याच गणपती मंदिरापाशी थांबतात, अर्ध्या तासात मंडळी परत गाडीत बसतात, आणि जिच्या काठी म्हणून हे मंदिर, या पेठा आणि हे सबंध शहर वसले ती कृष्णा मंदिरापासून चार पावलांवर असूनही त्यांच्या दृष्टीस पडत नाही.

गेल्या दिवाळीनंतर माझ्या नणंदेच्या सासरची मंडळी नागपूरहून आली होती. त्यांच्यात दहा वर्षांचा एक मुलगा होता. मंदिरातून बाहेर आल्यावर मी त्यांना गाडीत बसू दिले नाही. चालत राजवाडा चौकात नेले, तिथून आयर्विन पुलावर, मग घाटावर आणि उन्हे उतरल्यावर रिक्षाने हरिपूरला. पुलाच्या खांबावर रंगवलेले फुटांचे आकडे त्या मुलाने खालून वर मोठ्याने मोजले. रात्री आमच्याकडे जेवायला बसल्यावर भिंतीवरची एक तपकिरी रेघ त्याच्या नजरेस आली. ती २०१९ च्या महापुराची रेघ आहे. नंतर घराला रंग दिला तेव्हा तेवढा पट्टा आम्ही मुद्दाम सोडला. मुलगा ताटावरून उठला, भिंतीला पाठ लावून उभा राहिला, पाणी आपल्या डोक्याच्याही वर गेले असते हे त्याच्या ध्यानात आले, आणि त्याने विचारले, ‘मग तुम्ही परत इथंच का आलात?’ त्याला नीट उत्तर देता देता रात्रीचे अकरा वाजले. सकाळी मंदिरात पाहिलेले फारसे काही त्याला आठवत नव्हते, पण खांबावरचे आकडे आणि ही रेघ त्याने पक्की लक्षात ठेवली होती. नागपूरला गेल्यावरही त्याने फोन करून पुलाची उंची विचारली.

तेव्हापासून माझ्या मनात जे घोळत आहे ते आपणांपुढे मांडते. आपल्या नदीकाठावरचे प्रत्येक ठिकाण नदीशी बांधलेले आहे, आणि देऊळ, किल्ला, पूल, घाट, संगम, हळद साठवण्याची जमिनीखालची पेवे यांच्यातले नाते पायी चालणाऱ्यालाच कळते. म्हणून काठावर नवे काही उभारण्याआधी, जे आहे ते गणपती मंदिरापासून हरिपूरच्या संगमापर्यंत सलग पायी दाखवण्याची व्यवस्था आपण करावी, आणि त्या वाटेवरच्या पुराच्या खुणा पुसून न टाकता जपाव्यात, एवढी माझी विनंती आहे.

सुरुवात गणपतीपासूनच व्हावी, यात काही शंका नाही. चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन १८०१ मध्ये मिरजेपासून वेगळे होऊन सांगलीला आले तेव्हा हे कृष्णाकाठचे एक लहान गाव होते. सहा गल्ल्यांची म्हणून सांगली, अशी नावाची एक व्युत्पत्ती आजही सांगितली जाते. राजधानी इथे करायची ठरल्यावर त्यांनी गणेशदुर्ग हा किल्ला बांधला, पेठा वसवल्या आणि नदीकाठी काळ्या पाषाणाचे मंदिर बांधायला घेतले. ते पुरे व्हायला सुमारे तीन दशके लागली. हे पंचायतन आहे. म्हणजे मधोमध गणपती आणि भोवती चिंतामणेश्वर, चिंतामणेश्वरी, सूर्यनारायण आणि लक्ष्मीनारायण अशी चार देवळे आहेत. घाईने आलेला माणूस मुख्य गाभाऱ्यातून प्रसाद घेऊन थेट चपलांकडे वळतो आणि बाकीच्या देवळांपुढे उभाही राहत नाही. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण ही पाच देवळे मिळून एक रचना आहे हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

मंदिरापासून गणेशदुर्ग रमतगमत चालले तरी फार लांब नाही. इथे मला थोडे थांबावेसे वाटते, कारण माझ्या मते सांगलीची सर्वांत मोठी गोष्ट याच आवारातली आहे. कर्नाटकाकडून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ आप्पासाहेबांनी १८४२ च्या सुमारास पाहिले आणि तसे काही मराठीत करावे, अशी आज्ञा त्यांनी आपल्या पदरच्या विष्णुदास भाव्यांना केली. त्यातून ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीतास्वयंवर’ या, मराठीतल्या पहिल्या मानल्या जाणाऱ्या, नाटकाचा प्रयोग सांगलीत झाला. मराठी रंगभूमी दिन सगळा महाराष्ट्र ५ नोव्हेंबरला पाळतो तो याच प्रयोगामुळे. दरवर्षी त्या दिवशी सांगलीत विष्णुदास भावे गौरवपदक दिले जाते, भावे नाट्यमंदिरात गर्दी होते, वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात. दुसऱ्या दिवशी मात्र परगावच्या एखाद्या नाट्यप्रेमीने येऊन ‘तो पहिला प्रयोग झाला कुठे?’ असे विचारले, तर त्याला हाताला धरून नेऊन ‘हा तो परिसर, इथे राजे बसले असतील, इथे पडद्यामागे पात्रे थांबली असतील’ असे समजावून सांगणारा माणूस रस्त्यावर सापडत नाही. आमच्या मुलांनाच शाळेत हे मी दरवर्षी नव्याने सांगत असे आणि दरवर्षी वर्गातली निम्मी मुले आश्चर्याने माझ्याकडे पाहत, कारण ती राजवाडा चौकातून रोज ये-जा करणारी होती.

याच परिसरात तुरुंग आहे. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांचे सहकारी हा तुरुंग फोडून बाहेर पडले, तटावरून त्यांनी खंदकात उड्या घेतल्या, पाठलागात गोळीबार झाला, दादा जखमी झाले आणि सहकाऱ्यांपैकी दोघांना प्राण गमवावे लागले. पुढे मुख्यमंत्री झालेल्या या माणसाची समाधी आज कृष्णेच्या काठी आहे, आणि तुरुंगाच्या तटापासून त्या समाधीपर्यंत चालत जाणे हा स्वातंत्र्यलढ्याच्या धड्याइतकाच मोलाचा अनुभव आहे. मी मुलांना दोनदा असे चालवत नेले आहे. तट किती उंच आहे हे मान वर करून पाहिल्याशिवाय त्या उडीचा अर्थ कळत नाही.

या ठिकाणी फलक लावताना ते मराठीबरोबर कन्नडमध्येही असावेत, असा माझा आग्रह आहे. सांगलीच्या गणपतीला येणाऱ्यांत विजापूर, बेळगाव, अथणी, जमखंडी या भागांतल्या भाविकांची संख्या मोठी आहे, आणि मराठी नाटकाला पहिली चालना जिथून मिळाली त्या प्रदेशातल्या माणसाला ती गोष्ट त्याच्या भाषेत वाचायला मिळणे हा साधा शिष्टाचार आहे.

आता पुलाविषयी. आयर्विन पूल १९२९ मध्ये सुरू झाला. त्या वेळचे व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांचे नाव त्याला मिळाले, आणि शंभरीकडे निघालेला हा दगडी कमानींचा पूल आजही सांगलीची ओळख आहे. परंतु सांगलीकराच्या तोंडी या पुलाचे नाव येते ते पावसाळ्यात, आणि तेही मोजपट्टी म्हणून. जुलैच्या अखेरीस पाऊस लागून राहिला की दूधवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो: ‘आयर्विनला किती झालं?’ चाळीस फूट ही इशारा पातळी, पंचेचाळीस फूट ही धोका पातळी. चाळिशी गाठायच्या आधीच सूर्यवंशी प्लॉट आणि इनामदार प्लॉटमधली कुटुंबे सामान बांधू लागतात. त्यापुढचा प्रत्येक फूट कोणत्या गल्लीत पाणी आणतो हे आम्हांला पाठ आहे. २००५ मध्ये महापूर आला, २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले, आणि २०२१ मध्ये पुन्हा शहरात शिरले.

परगावच्या माणसाला या पुलावर उभे करून नदीची चाल समजावून सांगितली की तो तासभर हलत नाही, हा माझा अनुभव आहे. महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावलेली कृष्णा कऱ्हाडला कोयनेला भेटते, आणि कोयना धरणाचा विसर्ग वाढवला की ते पाणी आपल्याकडे येते, हे बहुतेकांना ऐकून ठाऊक असते. परंतु सांगलीच्या खालच्या अंगाला हरिपूरला वारणा मिळते, त्यापुढे नरसोबाच्या वाडीला पंचगंगा मिळते, आणि त्या दोन्ही नद्या एकाच वेळी भरल्या की त्यांच्या फुगवट्याने कृष्णेचे पाणी पुढे सरकत नाही, ते मागे चढत जाते, हे ऐकल्यावर माणसे थबकतात. म्हणूनच आपल्याकडचा पूर डोंगराळ भागासारखा धडाडत येत नाही. तो पायरी पायरीने चढतो, रात्रीतून एका उंबऱ्याजवळ येतो, दिवसभर तिथेच थांबतो आणि उतरायलाही तितकाच वेळ घेतो. आमच्या घरात २०१९ मध्ये पाणी आले ते मागच्या मोरीतून, आवाज न करता. मी स्वयंपाकघरात दिवा लावला तेव्हा फरशीवर काहीतरी चमकले, एवढेच मला आठवते. पुढचे काही दिवस आम्ही नातेवाइकांच्या घरी होतो. परत आलो तेव्हा कपाटाचे दार गाळाने चिकटून बसले होते आणि आत सासूबाईंच्या हातची पाककृतींची वही लगदा होऊन पडली होती.

हे सगळे लपवण्याची आपली सवय आहे, आणि ती सोडावी असे मला मनापासून वाटते. पूर ओसरला की भिंती धुतल्या जातात, रंग लागतो, व्यापारी दुकानाची फळी पुन्हा मांडतो. ते योग्यच आहे, कारण संसार पुढे चालवायचा असतो. पण शहर म्हणून आपण एकही खूण ठेवत नाही. नव्याने राहायला आलेल्या माणसाला आणि पाहुण्याला ‘आयर्विनला सत्तावन्न फूट’ म्हणजे मारुती चौकात किती आणि हरभट रोडवर किती, हे कळण्याचा मार्गच नाही, कारण पुलावरचा आकडा नदीच्या तळाकडून मोजलेला असतो आणि चौकातले पाणी माणसाच्या कमरेशी, छातीशी, डोक्याशी मोजावे लागते.

म्हणून माझी सुचवण अशी आहे की मारुती चौक, हरभट रोड, सरकारी घाट, विष्णू घाट, नगर वाचनालयाचा परिसर आणि हरिपूरचा पार अशा ठिकाणी काळ्या दगडाचे साधे उभे खांब लावावेत. प्रत्येक खांबावर २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये त्या जागी पाणी प्रत्यक्ष ज्या उंचीवर होते तिथे आडवी रेघ कोरावी आणि शेजारी त्या दिवशीची आयर्विन पुलाजवळची पातळी लिहावी. जलसंपदा विभागाकडे पातळ्यांच्या नोंदी आहेत आणि घराघरांतल्या माणसांकडे आठवणी आहेत; दोन्ही ताडून पाहिल्या तर उंची अचूक ठरवता येईल. त्याला मोठा निधी लागत नाही, वीज लागत नाही, पुढच्या पुरात ते खांब वाहूनही जाणार नाहीत. अशा खुणांनी जागांचे भाव पडतील, असे काही जणांनी मला बोलून दाखवले. मी त्यांना एवढेच विचारते की पाणी येणारी जागा पाणी येत नाही असे सांगून विकलेली त्यांना आपल्या मुलीसाठी चालेल का.

नगर वाचनालयाचा उल्लेख मी मुद्दाम केला. दीडशे वर्षांची परंपरा असलेल्या या वाचनालयातली हजारो पुस्तके २०१९ च्या पुरात भिजून गेली. पाणी उतरल्यावर बाहेर काढलेल्या ओल्या पुस्तकांचा तो ढीग आणि त्याचा वास ज्यांनी अनुभवला त्यांना तो विसरता येणार नाही. त्यानंतर वाचकांनी आणि परगावच्या माणसांनी पुस्तके पाठवून पुन्हा कपाटे भरायला घेतली. पुण्या-मुंबईहून आलेल्या कोणत्याही वाचनप्रेमी पाहुण्याला मी आधी तिथे नेते, आणि आजवर एकही जण कंटाळलेला मला दिसलेला नाही.

घाटांविषयी मला थोडे कठोर लिहावे लागेल. सरकारी घाट, माई घाट, विष्णू घाट, समर्थ घाट ही नावे घेताना जे चित्र डोळ्यांपुढे येते ते आणि पायऱ्यांवर प्रत्यक्ष दिसते ते, यांत फार अंतर आहे. शेरीनाल्याचे सांडपाणी नदीत मिसळण्याचा प्रश्न मी या शहरात आल्यापासून ऐकते आहे. ज्या पाण्याशी उभे राहिल्यावर नाकाला पदर लावावा लागतो तिथे कितीही सुंदर दिवे लावले तरी पाहुणा दुसऱ्यांदा येणार नाही. नाल्याचे पाणी शुद्ध झाल्याशिवाय घाटाच्या सुशोभीकरणावर एक रुपयाही खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. घाटाचा दगड चांगला आहे आणि पायऱ्या सुबक आहेत. संध्याकाळी पलीकडच्या सांगलवाडीच्या बाजूने ऊन तिरपे येते तेव्हा पाण्यावर पुलाच्या कमानी पूर्ण गोल दिसतात. तिथे स्वच्छता, चार बाके, पिण्याचे पाणी आणि बायकांसाठी नीट दार लागणारे स्वच्छतागृह एवढेच कमी आहे. ही शेवटची गोष्ट छोटी वाटेल, पण सहलीतल्या बायका पाणीसुद्धा न पिता दिवस काढतात हे मी शाळेच्या सहली नेताना वर्षानुवर्षे पाहिले आहे.

नौकाविहाराची मागणी अधूनमधून होते. श्रावणात आपल्याकडे होड्यांच्या शर्यती होतात, तेव्हा दोन्ही काठांवर माणूस मावत नाही. वल्ह्यांचा ठेका, काठावरून दिल्या जाणाऱ्या आरोळ्या आणि गावागावांची चुरस पाहण्यासाठी पाहुण्यांना आवर्जून बोलवावे. पण रोजच्या नौकाविहारात प्रत्येकाच्या अंगावर जीवरक्षक जॅकेट असणे, नावेत किती माणसे बसणार हे ठरलेले असणे आणि ते मोडणाऱ्याची नाव त्याच दिवशी बंद होणे, या अटी आधी असाव्यात. २०१९ च्या पुरात आपल्याच जिल्ह्यात ब्रह्मनाळ येथे नाव उलटून माणसे दगावली, ती जखम अजून भरलेली नाही. तसेच कृष्णेच्या या पट्ट्यात मगरी आहेत, हे पाहुण्याला कोणी सांगत नाही. पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येक पायरीजवळ चित्रासह तसा इशारा असायला हवा.

विष्णू घाट मागे टाकून हरिपूरच्या रस्त्याला लागले की शहराचा आवाज कमी होत जातो. या रस्त्याच्या दुतर्फा जुनी चिंचेची झाडे होती. काही अजून उभी आहेत, काही रुंदीकरणात आणि वादळवाऱ्यात गेली. जी उरली आहेत त्यांना क्रमांक देऊन जपावे. वाटेत बागेतला गणपती लागतो. नदीच्या अंगाला, झाडीत, शांत जागा आहे. मोठ्या मंदिरातली रांग पाहून दमलेली म्हातारी माणसे इथे ओट्यावर बसून राहतात, आणि मी स्वतः वर्षातून कितीतरी वेळा नुसती बसायला जाते. इथे काहीही नवे बांधू नये.

हरिपूर म्हणजे कृष्णा-वारणा संगम आणि संगमेश्वराचे देऊळ. श्रावणातल्या सोमवारी इथे जत्रा भरते. मराठी रंगभूमीला वेगळे वळण देणारे नाटककार गोविंद बल्लाळ देवल यांचा जन्म १८५५ मध्ये याच गावात झाला, म्हणजे भाव्यांच्या पहिल्या प्रयोगाला नुकतीच बारा वर्षे झाली असताना, तिथून जेमतेम तासाभराच्या पायवाटेवर. नाटकाच्या ओढीने आलेल्या माणसाला गणेशदुर्गापासून हरिपूरपर्यंत चालवत आणावे, असे मी म्हणते ते यासाठीच.

पण हरिपूरची खरी नवलाई जमिनीखाली आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच्या बातम्या झाल्या. ही हळद वर्षानुवर्षे ज्यात टिकत असे ती पेवे मात्र आज किती जणांनी पाहिली असतील? पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेली, तोंडाला अरुंद आणि आत पोटासारखी रुंदावत जाणारी साठवणीची जागा. हरिपूरची माती अशी घट्ट की तिला सहसा पाझर फुटत नाही. तळाला आणि कडेने कोरड्या पाल्याचा थर देऊन हळद आत भरायची, तोंडावर फरशी ठेवून वर माती दाबून घ्यायची, की आत हवा जात नाही, कीड लागत नाही आणि माल कित्येक वर्षे जशाचा तसा राहतो. पेव उघडणे हेसुद्धा जोखमीचे आणि जाणकाराचे काम. फरशी काढल्यावर लगेच कोणी आत उतरत नसे. कोंडलेली हवा बाहेर पडू द्यायची, मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा, तो विझला तर अजून थांबायचे आणि तो जळत राहिला तरच माणसाने उतरायचे. शाळेची सहल नेली तेव्हा गावातल्या एका वृद्ध हमालांनी हे सगळे हातवारे करून दाखवले होते. कंदील खाली जाताना ते स्वतःही मान झुकवून कल्पनेतल्या खड्ड्यात पाहत राहिले आणि वर्गातला सर्वांत दंगेखोर मुलगासुद्धा त्यांच्याबरोबर वाकून पाहू लागला.

२००५ च्या महापुराचे पाणी या पेवांत शिरले आणि आतली हळद कुजून गेली. व्यापाऱ्यांचा विश्वास उडाला, गोदामे आणि शीतगृहे आली, पेवे बुजवली गेली, काहींवर घरे उठली. हा व्यवहार समजण्यासारखा आहे आणि पुन्हा पेवांतच हळद ठेवा असे मी म्हणणार नाही. परंतु दोन किंवा तीन पेवे तरी मालकांच्या संमतीने आणि त्यांना योग्य मोबदला देऊन राखावीत, त्यांतल्या एकाला सुरक्षित जिना आणि वायुवीजन करावे, शेजारी एकाचा उभा छेद मातीच्या प्रतिकृतीत दाखवावा, आणि समजावून सांगायला याच गावातली, या धंद्यात हयात घालवलेली माणसे मानधनावर नेमावीत. ती माणसे आज सत्तरीच्या पुढे आहेत. या कामात आणखी पाच-सात वर्षे गेली तर छेद दाखवता येईल, पण कंदील कसा सोडायचा हे हाताने करून दाखवणारा कोणी उरणार नाही. माझ्या सगळ्या विनंत्यांपैकी एकच मान्य होणार असेल तर ती ही व्हावी.

नदीकाठी काय करू नये हेही लिहिणे मला भाग आहे. नदीलगतच्या, बांधकामाला मनाई असलेल्या निळ्या पूररेषेच्या आत सिमेंटचे ओटे, भिंती आणि रंगीत कमानी उभारणे म्हणजे पाण्याच्या वाटेत पाय पसरून बसणे आहे. पाणी त्याला वळसा घालते आणि वळसा घालून ते कुणाच्या तरी घरात जाते. पाहुण्याला छायाचित्र काढण्यासाठी शहराच्या नावाची दिव्यांची अक्षरे लागतात असे सांगितले जाते. आयर्विनच्या कमानी असताना आपल्याला त्यांची गरज आहे असे मला वाटत नाही.

सहली आणणाऱ्या आयोजकांना दोन शब्द. आपल्या कार्यक्रमपत्रिकेत सांगलीला अर्ध्या तासाऐवजी एक सबंध दुपार द्या. कार्तिकापासून माघापर्यंतचा काळ उत्तम. उन्हाळ्यात सकाळी लवकर किंवा पाचनंतर. भर पावसाळ्यात मात्र पातळी विचारल्याशिवाय घाटाकडे कोणाला नेऊ नका. गाडी एका जागी लावून माणसांना गावभागातून चालू द्या. वयस्कर मंडळींसाठी पुलापासून हरिपूरपर्यंत रिक्षा सहज मिळते. वेळ उरला तर मिरज जवळच आहे. तिथला मीरासाहेबांचा दर्गा आणि त्याच्या जवळची, भोपळ्यापासून सतार आणि तंबोरा घडवणाऱ्या कारागिरांची गल्ली यांच्यासाठी खरे तर दुसरा दिवसच काढायला हवा. आणि वाटाडे म्हणून बाहेरून माणसे आणू नका. गावभागातली, खणभागातली, हरिपूरची महाविद्यालयात जाणारी मुले-मुली हे काम आनंदाने करतील; त्यांना महिनाभर शिकवण्याची जबाबदारी मी आणि माझ्यासारखे काही निवृत्त शिक्षक विनामोबदला घ्यायला तयार आहोत.

पूरखुणांच्या खांबांसाठी उंची ठरवायला आपले अभियंते गावभागात येतील तेव्हा आमच्या घरापासून सुरुवात करता येईल. बैठकीच्या खोलीतली रेघ जमिनीपासून पाच फूट एक इंचावर आहे. नागपूरच्या त्या मुलाने माझ्या शिवणाच्या टेपने ती दोनदा मोजली आहे. दुपारी चारनंतर दार उघडेच असते.

आपली नम्र,
गावभागातील एक निवृत्त शिक्षिका
सांगली